जागतिक स्पर्धेची तयारी उसाच्या फडातून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, चिक्कोडी, निपाणी भागातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आता आंतरराष्ट्रीय तंत्र-उद्योजकता स्पर्धांचे अर्ज भरू लागले आहेत. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. हल्ट प्राइझसारख्या विद्यार्थी स्पर्धेत विजेत्या संघाला दहा लाख डॉलर मिळतात. पण मुलं विषय निवडतात ते इंटरनेटवर वाचलेले, आणि परीक्षकांनी पहिला आकडा विचारला की गाडी अडते.

या स्पर्धा आकड्यांवर चालतात. हवेतून पाणी काढण्यासाठी ठेवलेल्या ‘एक्सप्राइझ’ या आंतरराष्ट्रीय बक्षिसाची अटच बघा: दिवसाला किमान 2,000 लिटर पाणी, लिटरला दोन सेंटपेक्षा जास्त खर्च नको आणि ऊर्जा पूर्णपणे अपारंपरिक. 2018 मध्ये ते बक्षीस दिलं गेलं. पर्यावरणासाठीचं 2021 चं दहा लाख पौंडांचं अर्थशॉट पारितोषिक मिळालेल्या विद्युत मोहन यांच्या ‘टाकाचार’चा विषय तर आपल्या बांधावरचाच आहे: शेतातला काडीकचरा न जाळता त्याचं इंधन आणि खत करणारं छोटं, हलवता येणारं यंत्र. (अर्थशॉटला थेट अर्ज चालत नाही, नामांकन लागतं.)

अथणी-चिक्कोडीकडे ऊसतोड झाली की फड पेटतो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट (उसाचा वाळलेला पाला) असतं. मग त्याच्या ब्रिकेटी (दाबून केलेल्या जळणाच्या विटा) करू, असं प्रत्येक संघाला सुचतं. अडचण पुढे येते. सुटं पाचट घनमीटरला जेमतेम तीस-चाळीस किलो भरतं. ट्रॉली शिगोशीग दिसते, काट्यावर वजन लागत नाही आणि सगळा नफा डिझेलमध्ये जातो. ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर असला की आतल्या वाफेने ब्रिकेट फुटते. पाचटातली सिलिका आणि सोबत आलेली माती यंत्राचा डाय (साचा) झिजवते. म्हणून कचरा यंत्राकडे नेण्यापेक्षा यंत्र फडाकडे न्यायचं, हा टाकाचारचा विचार महत्त्वाचा. तशी, कमी हवेत पाचटाचा कोळसा करणारी ड्रमची भट्टी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले फॅब्रिकेशनवाले सहज करून देतील.

पण भट्टीआधी मोजमाप हवं. फडात पाच ठिकाणचं पाचट घेऊन एकत्र करावं, नमुना घेतल्याची वेळ लिहावी (सकाळच्या दवाने ओलावा बदलतो), 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ओव्हनमध्ये वाळवावं. भट्टीत किती किलो घातलं, कोळसा किती निघाला, माणसं किती लागली, वेळ किती गेला हे दर खेपेला वहीत उतरवावं. यातूनच एका टनाचा खर्च निघतो. मजुरी न धरता काढलेला खर्च परीक्षक लगेच पकडतात.

शेतकऱ्यांना इंग्रजी प्रश्नावली देऊ नये. मराठीत किंवा कन्नडमध्ये समोर बसून बोलावं. ‘असं मशीन आलं तर वापराल का?’ म्हटलं की पाहुण्याचं मन राखायला सगळेच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘गेल्या साली पाचटाचं काय केलंत? पेटवलंत ते का? खोडव्याला पहिलं पाणी कधी दिलंत?’ असं विचारावं (खोडवा म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस). फड लवकर मोकळा व्हावा म्हणून तो पेटतो, हे तेव्हाच कळतं. तोड झाल्यावर थोड्या दिवसांत काम उरकत नसेल, तर ते यंत्र कुणीही घेणार नाही.

आणखी एक कळकळीची सूचना. यंत्राचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकण्याआधी पेटंटचा तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज करा. आधी जाहीर झालेली कल्पना नवी मानली जात नाही आणि पेटंट हातचं जातं. व्यक्ती, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे. पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. कर्नाटकाचं काम चेन्नई कार्यालयाकडे असलं, तरी अर्जासाठी तिथं जावं लागत नाही.

वेळापत्रकाचाही विचार व्हावा. गळीत हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. फेब्रुवारीत विषय ठरवणाऱ्या संघाला पाचट हाती येईपर्यंत हंगाम संपतो. कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय ऑगस्टमध्येच ठरवून द्यावा. साखर कारखान्यांकडे वजनकाटा आणि प्रयोगशाळा दोन्ही असतात. त्यांनी हंगामात आठवड्यातून एक दुपार या मुलांसाठी राखून ठेवावी, अशी आमची त्यांना विनंती आहे.

आपले,
विद्यार्थी प्रकल्पांना मार्गदर्शन करणारे काही वाचक, उद्यमबाग, बेळगाव