दिवा नव्हे, भिंग फिरत होतं

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या स्प्लिट रॉक दीपगृहावरचा लेख वाचला. विषय चांगला निवडलात. पण ‘दिवा दर दहा सेकंदांनी विझून पुन्हा पेटे’ हे वाक्य छापताना कुणालाच शंका आली नाही? रॉकेलची बत्ती दहा सेकंदांत विझवून पेटवून दाखवावी, हार आम्ही घेऊन येतो.

बत्ती रात्रभर एकसारखी जळायची. फिरायचं ते भिंग. पॅरिसला घडवलेलं, तिसऱ्या श्रेणीचं फ्रेनेल भिंग (बत्तीचा उजेड गोळा करून झोत पाडणारं), शिंपल्याच्या दोन शकलांसारखं समोरासमोर बसवलेलं. बाजू दोन, म्हणून एका फेरीत झोत दोन. फेरी २० सेकंदांची, म्हणून झोत दर १० सेकंदांनी. सहावीतलं पोरही करेल हा हिशेब. एवढं अवजड भिंग पाऱ्यावर तरंगत असे, म्हणून तर लंबकाच्या घड्याळासारखं नुसत्या लोंबत्या वजनावर फिरायचं. ते वजन तळाला टेकायच्या आत, दोनेक तासांनी, पुन्हा वर गुंडाळायचं. पाऱ्यात धूळ बसली की फिरणं जड होतं. मग पारा मऊ चामड्यातून गाळून घ्यायचा. एवढा खटाटोप कशाला? तर दहाचे बारा सेकंद झाले की कप्तान हे दुसरंच दीपगृह समजणार, आणि तिथल्या लोहखनिजामुळे होकायंत्रावरही भरवसा नाही. लेखात मात्र पारा ‘चकाकीसाठी’! धन्य.

बत्ती म्हणजे आपल्या वरातीतल्या गॅसबत्तीची थोरली बहीण. टाकीत पंपाने हवा भरायची, स्पिरिट जाळून नळी तापवायची, मग रॉकेलची वाफ होऊन मेंटल पांढरंशुभ्र पेटतं. नळी कच्ची तापली तर वाफेऐवजी रॉकेलच येतं, भडका उडतो आणि काजळी थेट भिंगावर. १९४० साली वीज आली, १९६९ साली दीपगृह बंद झालं.

उंचीचाही घोळ आहे. मनोरा ५४ फुटांचा. १३० फूट ही खालच्या कड्याची उंची. सरोवराच्या पाण्यापासून दिवा १६८ फुटांवर. फोटो तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, समुद्रावरच्या भलत्याच दीपगृहाचा. हे अष्टकोनी आहे, विटांचं.

‘रंकाळ्यालाही असं एक हवं’ या सूचनेने मात्र करमणूक झाली. केंदाळात कुणाचं जहाज रुतलंय?

फुटांचा विषय निघालाच आहे म्हणून. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी छापता, ती किती वाजताची हे कधी छापत नाही. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. नदी चढती असताना सकाळी ‘पातळी ३८ फूट’ वाचून नदीकाठच्या माणसाने सामान माळ्यावर चढवायचं, की चहाला आधण ठेवायचं?

आपला,
एक नियमित वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर