कुंबळे दुसऱ्या दिवशी कुठे गेला?

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर गुडघ्याचा विषय निघाला की बाबा "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, म्हणून या वेळी पत्र लिहितेय. आई, हे मोठ्याने वाचून दाखव. चष्मा सापडत नाही, ही सबब चालणार नाही.

बाबा, परवा तुम्ही तुमच्या नातवाला काय सांगितलंत ते कळलं मला. त्याच्या कण्याच्या खालच्या मणक्याला बारीक चीर गेलीय. वाढत्या वयात फास्ट बॉलिंग करणाऱ्या पोरांना होते तशी. टाकताना पाठ मागे वाकते, एका अंगाला पिळते, आणि हाड अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. परीक्षा संपेपर्यंत बॉल हातात घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि आजोबांनी त्याला ऐकवलं काय, तर अँटिग्वाचा अनिल कुंबळे! २००२, वेस्ट इंडीजच्या डिलनचा बॉल, मोडलेला जबडा, डोक्याभोवती पांढरी पट्टी, सलग १४ ओव्हर आणि लारा पायचीत. फोन ठेवल्या ठेवल्या पोरगा मला म्हणतो, "मग मी चारच ओव्हर टाकल्या तर?"

गोष्ट खरीच आहे. आजही ती पट्टी आठवली की माझ्या अंगावर काटा येतो. पण कुंबळे दुसऱ्या दिवशी कुठे गेला, ते तुम्ही कधी सांगत नाही. तो ऑपरेशनसाठी बंगळूरला निघाला. दौरा अर्धवट सोडून. ते टीव्हीवर दिसलं नाही, म्हणून आपल्या घरच्या गोष्टीत कधी आलंच नाही.

आपल्या घरात हे पूर्वापार आहे. मेलबर्नची १९८१ ची कसोटी मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पहाटे रेडिओला कान लावून मीच बसले होते असं वाटतं. ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ हव्या, कपिलची मांडी दुखावलेली, इंजेक्शन घेऊन उतरला, २८ धावांत ५ बळी, कांगारू ८३ मध्ये खलास. दिलीप दोशी तर मोडलेल्या पायाने बॉलिंग करत होता. तुमचा आवाज इथे नेहमी चढतो. हरकत नाही, चढू दे. पण तुमच्याच पेटाऱ्यातली नरी कॉन्ट्रॅक्टरची गोष्ट मला तुमच्याकडून जेमतेम एकदा ऐकायला मिळाली, तीही मी खोदून विचारलं म्हणून. १९६२, बार्बाडोस, ग्रिफिथचा बॉल डोक्यावर, कवटी फुटली. हेल्मेट नव्हतीच तेव्हा. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कॅप्टन वॉरेल होता आणि आपले पुण्याचे चंदू बोर्डेही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे रणजीत खेळलेही, पण कसोटी पुन्हा नाही. भारताचा कॅप्टन, वय अवघं २८. त्या गोष्टीला शेवटी टाळ्या नाहीत ना, म्हणून ती मागे पडते.

आणि पैलवान खाशाबा जाधव? तुम्ही वाईला राहायला गेल्यापासून 'आपल्या जिल्ह्याचा माणूस' म्हणून छाती फुगवता. १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, सगळं बरोबर. पण १९५६ ला ते मेलबर्नला का गेले नाहीत, बाबा? गुडघा. गुडघा दुरुस्त करण्याची आजची सोय तेव्हा त्यांना नव्हती. तुम्हाला आहे, आणि तुम्ही ओव्याची पुरचुंडी शेकत बसलाय.

रागावू नका. हे सगळं वेड तुमच्याकडूनच आलंय मला. २९ फेब्रुवारी १९९६ ला तुम्ही ऑफिसला दांडी मारून मला शाळेतून काढून नेहरू स्टेडियमवर नेलंत, ते मी विसरेन का? आई, तुला आम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो असं सांगितलं होतं (तुला तेव्हाच कळलं असणार). लाराला बघायचं म्हणून गेलो, आणि लारा ८ वर गेला. केनियाच्या त्या गुटगुटीत, चष्मेवाल्या विकेटकीपरच्या हातून एरवी बॉल सुटत होते, नेमका लाराचा झेल त्याच्या हातात बसला. केनियाच्या १६६ पुढे वेस्ट इंडीज ९३ ला ऑल आउट! आपण कुणाच्या बाजूने आहोत हे दुपारपर्यंत आख्खं स्टेडियम विसरलं होतं. मग सारसबागेसमोर भेळ. सिमेंटच्या त्या उंच पायऱ्या तुम्ही दोन-दोन करत चढत होतात आणि मी मागे धापा टाकत.

म्हणून गहुंज्याच्या स्टेडियमवर मला जे दिसलं ते खुपलं. ऑक्टोबर २०२३, बांगलादेशची मॅच. प्रत्येक वळणावर तुम्ही थांबत होतात आणि "काय डोंगर दिसतो बघ" म्हणत होतात. तिथून डोंगर दिसत नव्हता, बाबा. भिंत होती.

त्याच मॅचमध्ये हार्दिकने लिटन दासचा सरळ ड्राइव्ह पायाने अडवायला जाऊन घोटा दुखावून घेतला. तीन बॉल राहिले होते, कोहली टाकायला आला आणि स्टेडियम नुसतं पेटलं. आपणही शिट्ट्या मारल्या. हार्दिक लंगडत कधी आत गेला, कुणाचं लक्षही नव्हतं. तुमचं होतं मात्र. तुम्ही म्हणालात, "आता त्याला उगाच पुढच्या मॅचला उतरवू नका रे, दुखणं अंगावर काढलं की वाढतं." हार्दिकला एवढा शहाणा सल्ला!

आई, आता तुझ्याबद्दल. तुझ्या घोट्याची गोष्ट या घरात कुणी कधी चढ्या आवाजात सांगितली नाही. शाळेत खो-खोला सूर मारून गडी बाद करणारी तू, घोटा मुरगळला तर आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप लावून पुढची पाळी पळालीस, आणि थंडी पडली की अजून तो पाय दुखतो. मला हे कळलं कसं, तर तुझ्या पायाला तेल लावताना. तू तर तेही गंमत म्हणून सांगितलंस. बाबांना हात देऊन उठवताना त्याच पायावर भार घेतेस, ते मी दिवाळीत पाहिलंय. तेव्हा तुझा घोटाही दाखवायचाच आहे. "माझं काय एवढं" हे वाक्य वाईलाच ठेवून ये.

तर ठरलं ते असं. पुढच्या महिन्यात दोघांनी इकडे यायचं. बाबा, तुमच्या गुडघ्यातली गादी पुरती झिजलीय, हाडावर हाड घासतंय, हे एक्स-रेत मलासुद्धा दिसतं. वाट्या बदलल्यावर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं करतात. खरी कसोटी पुढचे काही आठवडे, फिजिओथेरपीची. तिथे रडायचं, ओरडायचं, काय ते करा, पण गुडघा वाकवायचा. आधी साखर आटोक्यात हवी, म्हणजे चहातली आजपासून बंद. कमोडवर बसवायची उंच सीट आणून ठेवलीय, लिफ्ट आहे, आणि हॉलमधला पलंग बरोबर टीव्हीसमोर लावलाय. फिजिओचे व्यायाम तुम्ही आणि नातू एकाच सतरंजीवर कराल, म्हणजे कोण चुकवतंय ते एकमेकांना कळेल. त्याला सध्या बुमराचं वेड आहे. बुमराने पाठीमुळे २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप सोडला, २०२३ मध्ये ऑपरेशन करून घेतलं आणि मग परत आला, हे त्याला तोंडपाठ आहे. तुम्ही ऐकवायच्या आधी तोच तुम्हाला ऐकवेल.

जुने एक्स-रे, शुगरचे रिपोर्ट आणि मेडिक्लेमची फाइल आठवणीने घ्या. आई, मेतकूट संपलंय.

तुमची,
लेक