शिनाणे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला बुडी मारणाऱ्यांसाठी

मंडळींनो, परवा अमावास्या. सुकती (ओहोटी) मोठी, खडप खालपर्यंत उघडं पडेल, मोह होईल. तरी उतरण्याआधी काठावर २० मिनिटं नुसते उभे राहा. वारा पडलेला, आभाळ निरभ्र असलं तरी दूरच्या वादळाची लाट इथवर येते. बराच वेळ साध्या लाटा जातात, मग एकामागोमाग मोठ्या. अशी लाट शिनाण्यांच्या धारदार कडांवर आपटते तेव्हा पाठ सोलून निघते, मी डोळ्यांनी पाहिलंय. पाण्याखाली स्वतःचा हात दिसत नसेल, तर टोपली रिकामीच घरी न्या. इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा) उंच लाटांचा इशारा असेल त्या दिवशी कोणीच जायचं नाही. एकट्याने तर कधीच नको. एक जण वर, लाटांवर नजर ठेवून, हवाच.