ड्रेसिंगच्या डब्यात मराठी कागद टाका – तक्रार

कस्टमर केअर मॅनेजर साहेब, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातून, मानवत तालुक्यातून लिहितोय. तुमच्या कंपनीचं ते समुद्री शेवाळापासून केलेलं ड्रेसिंग, कॅल्शियम अल्जिनेट, 10 बाय 10 सेंमीचं, 10 पाकिटांचा डबा मी परभणीच्या मेडिकलवरून घेतला. आमच्या अण्णांना लई वर्षांपासून शुगर आहे. रानात पऱ्हाट्या उपटताना खुंट तळपायात घुसलं आणि त्यांना कळलंच नाही, पाय बधिर झालेत ना, तिसऱ्या दिवशी चप्पल ओली दिसली म्हणून आईनं पाय बघितला तर ही एवढी जखम आणि सारखी लस गळायली.

डॉक्टरांनी जखम साफ करून तुमचं ड्रेसिंग लिहून दिलं. आई म्हणली, शेवाळ कुठं जखमेवर लावतेत का? मीच तिला समजावलं की हे विहिरीतलं नाही, समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचा धागा काढून कापसासारखं करतेत.

दोन दिवसांनी घरी पट्टी सोडली तर आत पिवळट बुळबुळीत लगदा, वरून वास. आईनं तोंडाला पदरच लावला. पू झाला, आता पाय काढतेत की काय म्हणून रात्री 9 ला गाडी करून परभणी गाठली, अण्णा रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. तिथं सिस्टरनं सलाईननं धुतलं तर खाली जखम लालचुटूक, एकदम चांगली! ती म्हणली हा पू नाही, जखमेच्या पाण्यातलं सोडियम आणि धाग्यातलं कॅल्शियम अदलाबदल होतं अन् ड्रेसिंगचीच जेली होते, ते असंच व्हायला पाहिजे. साहेब, एवढी एक ओळ डब्यात मराठीत असती तर आमची ती रात्र अशी गेली नसती.

खरी तक्रार पुढंच आहे. तीन आठवड्यांत जखम भरत आली, लस जवळपास बंद झाली. पाकिटं शिल्लक होती म्हणून आम्ही तेच लावत राहिलो, महागाचं औषध आहे, वाया कसं घालवायचं. ते कोरडं ड्रेसिंग जखमेला असं चिकटलं की मी ओढलं तर नवीन आलेली कातडी त्याच्यासंगं निघाली, भळाभळा रक्त. अण्णांना दुखलं नाही, पण मला बघवलं नाही. डॉक्टर म्हणले कोरड्या जखमेला हे लावायचंच नसतं, चिकटलंच तर सलाईननं भिजवून काढायचं असतं.

भाची नर्सिंगला आहे, तिनं तुमचा कागद वाचला. आहे हो लिहिलेलं, कोरड्या जखमेवर आणि काळ्या सुकलेल्या खपलीवर वापरू नये म्हणून. पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, चौथ्या घडीत. डब्याच्या तोंडावर मात्र वजनाच्या 15 ते 20 पट पाणी शोषतं हे केवढं मोठं! मग जे इतकं पाणी पितं ते कोरड्या जागी काय करील हे पण तिथंच लिहा ना.

तुमच्या नंबरवर दोनदा फोन केला, दोन्ही वेळेस एकच, डॉक्टर से पूछिए. डॉक्टर तासभराच्या अंतरावर आहेत, रोजची पट्टी घरातलंच माणूस बदलतं, बहुतेक घरी बाईच बदलते, तिच्यासाठी कागद कोण लिहिणार?

ड्रेसिंग वाईट आहे असं मी म्हणतच नाही, पहिले तीन आठवडे त्यानंच पाय वाचवला. मला डब्याचे पैसे नकोत. मराठी कागद टाका, मोठ्या अक्षरात, चित्रासहित: जेली म्हणजे पू नाही, लस थांबली की हे बंद करून डॉक्टरांना दाखवा, चिकटलं तर ओढू नका, भिजवा. आणि वरून दुसरी पट्टी लागते हे पण.

उत्तर लेखी आणि मराठीत पाठवा, मी आईला वाचून दाखवणार आहे. बिलाची आणि डब्याची बॅच नंबरसहित झेरॉक्स सोबत जोडलीय.

आपला ग्राहक