गुलाबी आंबुटीची पारख कुंडीबाहेर करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की शहरातल्या बागांत, सोसायट्यांच्या आवारांत आणि गच्चीवरच्या कुंड्यांत गुलाबी फुलांची, मोठ्या तिपानी पानांची आंबुटी उगवते. आपल्याकडची पिवळ्या फुलांची आंबुटी निराळी. तिला कंद नसतात. ही गुलाबी मूळची मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या मुलखातली, शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस लॅटिफोलिया. 'परदेशी आक्रमक तण आहे, दिसेल तिथे फवारा' असा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो घाईचा आहे.

कुंडीत ती चिवट आहे, यात वादच नाही. ओढली की देठ तुटून हातात येतो, कंद खालीच राहतो. खुरपीने ढेकूळ अलगद उकरून पाहा: मधोमध पापुद्र्यांचा कंद, त्यापासून निघालेले पांढरे धागे आणि धाग्यांच्या टोकांना साबुदाण्याएवढ्या कंदिका. माती हलली की त्या सुट्या होतात. म्हणजे खुरपणारा हातच तिची पेरणी करतो. फवाऱ्याने पाने करपली तरी कंद पुन्हा फुटतो.

पण एवढ्यावरून तिला आक्रमक म्हणता येत नाही. बाहेरून येणारी वनस्पती पारखण्यासाठी ऑस्ट्रेलियात १९९७ पासून ४९ प्रश्नांची पद्धत वापरतात. जमिनीखाली कंद असणे हा त्यातला फक्त एक प्रश्न, आणि त्याला गुणही एकच. बाकी विचारतात ते असे: इतरत्र ती तण ठरली आहे का, हवामान मानवते का, बी धरते का, पसरते कशाने, छाटल्या-उकरल्याने फोफावते का. बेरीज ६ च्या वर गेली तर प्रवेश बंद. १ ते ६ असेल तर आणखी तपासणी.

यातला 'पसरते कशाने' हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गाजरगवताचे एकेक झाड हजारो बिया टाकते आणि त्या वाऱ्या-पाण्याबरोबर, गाड्यांच्या चाकांबरोबर जातात. गुलाबी आंबुटी तिच्या मूळ मुलखाबाहेर क्वचितच बी धरते. तिची कंदिका प्रवास करते ती मुख्यतः माणसाने हलवलेल्या मातीतून: रोपांच्या काळ्या पिशव्या, भरावाची माती, फावड्याला चिकटलेला चिखल. आणि म्हणूनच तिला रोपवाटिकेच्या दारातच अडवता येते.

महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मंडळाने आणि महापालिकेने मिळून अंबाझरी, गोरेवाडा, सेमिनरी हिल्सच्या कडेने मीटरभर चौरसाच्या चौकटी आखाव्यात आणि त्याच जागी पावसाळ्याआधी व नंतर, काही वर्षे सलग, मोजणी करावी. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. जिथे कोणी पाणी घालत नाही, माती उकरत नाही, तिथेही ती स्थानिक गवताला हटवत असेल, तर तिला खुशाल आक्रमक ठरवा. पाइपाच्या पाण्यावर आणि उकरलेल्या वाफ्यांतच राहत असेल, तर मात्र ती माळ्याची डोकेदुखी समजावी आणि निर्मूलनाचा पैसा गाजरगवत, घाणेरी, जलपर्णीवर खर्च करावा.

मोजणीला वेळ लागेल. पण वृक्षारोपणासाठी रोपे घेताना दर खेपेतल्या काही पिशव्या फोडून माती चाळणे यंदाच्या पावसाळ्यापासून सुरू करता येईल. महापालिकेने रोपांच्या निविदेत तेवढी एक अट घालावी, ही विनंती.

आपला,
एक बागप्रेमी वाचक, नागपूर