रविवारीही सराव व्हायला हवा

संपादक महोदय,

मुंबईच्या नौदल गोदीत 21 जुलै 2024 रोजी ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ या युद्धनौकेला रिफिट, म्हणजे मोठी दुरुस्ती, सुरू असताना आग लागली, दुसऱ्या दिवशी जहाज एका कुशीवर कलंडले आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. याच गोदीत 5 डिसेंबर 2016 रोजी ‘आयएनएस बेतवा’ डॉकमधून पाण्यात सोडताना कलंडली, तेव्हा दोघे दगावले. इंजिनरूममध्ये अर्धे आयुष्य काढल्यामुळे या बातम्या मला सहज बाजूला ठेवता येत नाहीत.

रिफिटमध्ये जहाज सर्वांत दुबळे असते. जुने हात बदलून जातात, तात्पुरत्या केबल आणि वेल्डिंगच्या नळ्या दारांतून ओढलेल्या असल्याने दारे लागत नाहीत, आग विझवण्याच्या पाण्याची लाइन जागोजागी बंद असते. एकदा रिफिटनंतर मी एका तरुण नौसैनिकाला दिवे मालवून इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितले. आकृती त्याला तोंडपाठ होती. पण व्हॉल्व्ह सापडेपर्यंत बराच वेळ गेला आणि सापडला तेव्हा चाक रंगाने घट्ट चिकटलेले निघाले. नोंदवहीत मात्र त्यापुढे ‘तपासला’ असे लिहिले होते. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

अमेरिकेच्या ‘बॉनहोम रिचर्ड’ या युद्धनौकेला 12 जुलै 2020 रोजी सॅन दिएगो येथे दुरुस्तीतच आग लागली आणि ती चार दिवसांहून अधिक धुमसत राहिली. आगीच्या मुळावर वेळेत मारा करण्याच्या सरावात तिचे कर्मचारी त्याआधी सलग 14 वेळा कमी पडले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले.

लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त प्रशिक्षण उत्तम मिळते आणि रिफिट संपल्यावर कोचीचे वर्कअप पथक, म्हणजे जहाजाची सज्जता तपासणारे पथक, जहाजाची कसून परीक्षा घेते, हे मान्यच आहे. पण जहाज गोदीत उघडे पडलेले असतानाही, बाहेरच्या परीक्षकांनी, आगाऊ न कळवता, त्याच जहाजावर, अंधारात आणि त्या वेळी हजर असलेल्या माणसांनिशी आगीशी लढण्याचा सराव घ्यावा, तेलाचा दाब आणि तापमान यांच्या आकड्यांइतकेच त्याच्या निकालाला वजन द्यावे आणि निकाल समाधानकारक नसेल तर इंजिन सुरू करण्यास परवानगी देऊ नये, अशी माझी नौदलाला कळकळीची विनंती आहे. वर सांगितलेल्या दोन्ही आगी रविवारी लागल्या होत्या. तेव्हा असा सराव सुटीच्या दिवशी, जहाजावर फक्त ड्युटीवरची माणसे असतानाही व्हावा.

— एक निवृत्त नौसैनिक, घाटकोपर, मुंबई