आई, मी रडत नव्हते

श्टुटगार्ट
फेब्रुवारी

ती. आई-बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर सांगायला जावं तर आई पहिल्याच मिनिटाला "डोळे का सुजलेत?" म्हणते, मागून आजी "काय झालं, काय झालं" करते आणि बाबा, तुम्ही फोन पंख्याकडे धरून बसता. म्हणून एकदाच नीट लिहून काढते. आजीला मोठ्याने वाचून दाखवा.

तर पहिली गोष्ट, मी रडत नव्हते. ऑफिसात कोणी काही बोललं नाही, घरमालकाने काही म्हटलं नाही, आणि मावशी कुजबुजली तसं 'कोणी' पण नाही. पापण्यांना ॲलर्जी झाली होती, एवढंच. सकाळी उठलं की वरच्या पापण्या लाल आणि फुगलेल्या, दुपारपर्यंत कोरड्या पडून कोंडा निघायचा आणि कडेच्या घडीत बारीक चीर पडायची. तुम्ही नेमके सकाळचे फोन करता, त्यामुळे मी कायम रडून उठल्यासारखी दिसायचे. डोळा आतून साफ आहे, नजर ठीक आहे, चष्म्याचा नंबरही तोच आहे.

स्क्रीनमुळे नाही, कमी पाणी पिण्यामुळे नाही, जागरणामुळे तर अजिबात नाही. मीठ-मोहरी ओवाळून टाकलीस हे मावशीकडून कळलं. त्याने काही बिघडत नाही, पण गुण त्याचा आहे असं आता गल्लीभर सांगू नकोस.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी कातडीच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि तिथे पॅच टेस्ट झाली. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक पट्टीवर बारीक बारीक वाट्या आणि प्रत्येक वाटीत वेगळा पदार्थ: निकेल, सुगंधांचं मिश्रण, रबरातली रसायनं, क्रीममध्ये घालतात ती टिकाऊ द्रव्यं. नर्सने मार्करने पाठीवर आकडे लिहिले. दोन दिवस पट्ट्या तशाच ठेवायच्या आणि पाठ भिजवायची नाही. (बाबा, आजीसमोर हे वाक्य गाळा. अंघोळ केली, फक्त पाठ सोडून.) मग पट्ट्या काढून बघतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात, कारण ही ॲलर्जी आळशी असते, उशिरा उठते. माझ्या पाठीवर एका चौकोनात लाल, खाजणारा उंचवटा आला, तिथे डॉक्टरांनी दोन अधिक चिन्हं लिहिली. सुगंधाच्या चौकोनापुढे एक.

दोन अधिकवाल्याचं नाव मिथाइलआयसोथायाझोलिनोन. पाठ करू नका, मला पण डॉक्टरांनी दिलेलं ॲलर्जीचं कार्ड बघूनच लिहावं लागलं. पाणी असलेल्या बाटलीबंद वस्तू खराब होऊ नयेत म्हणून ते घालतात. शाम्पू, हँडवॉश, भांड्यांचा साबण, कपड्यांचं लिक्विड, भिंतीचा रंगसुद्धा. युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये घालायला २०१७ पासून बंदी आहे आणि धुऊन टाकायच्या शाम्पू-साबणात ०.००१५ टक्क्यापर्यंतच चालतं. पण फरशी पुसायच्या लिक्विडला ती बंदी नाही, आणि माझं घोडं तिथेच अडलं होतं.

बाबा विचारतील, हाताला काही नाही मग पापणीलाच कसं? मीही तेच विचारलं. तळहाताची कातडी जाड असते, पापणीची सगळ्या अंगात पातळ, जेमतेम अर्धा मिलीमीटर. लासलगावच्या कांद्याचा आतला पापुद्रा आठवा. हाताला जे लागतं ते हात सहन करतो आणि नकळत डोळ्याला नेऊन लावतो. डोक्यावरचा शाम्पू ओघळतो तोही तिथूनच, आणि हवेतलं पहिल्यांदा कळतं तेही पापणीलाच. नेलपॉलिशची ॲलर्जीसुद्धा नखाऐवजी कितीतरी वेळा पापणीवर दिसते म्हणे. ते मी तसंही लावत नाही, आत्याला सांग.

आता जिन्याचं. आई, "इंजिनिअर केलेली पोर परक्या देशात जिने पुसते" हे तू तीन घरांत सांगितलंस, म्हणून जरा सविस्तरच सांगते. इथे श्टुटगार्टकडे 'केअरवोखे' म्हणून प्रकार आहे. बिल्डिंगमध्ये कामाला बाई ठेवत नाहीत, घराघराची साफसफाईची पाळी असते. तुमचा आठवडा आला की शेजारी तुमच्या दाराच्या कडीला एक पाटी अडकवून जातो. पाटी आली की छोटी पाळी म्हणजे आपल्या मजल्यावरचा पॅसेज, खाली पुढच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या, कठडा, जिन्यातल्या खिडकीची चौकट. मोठी पाळी म्हणजे दारापुढचा फुटपाथ, तळघराचा जिना, कचऱ्याच्या डब्यांची जागा, आणि बर्फ पडला तर माणसं कामाला निघण्याआधी तो बाजूला ओढायचा. आठवडा संपला की पाटी पुढच्याच्या दाराला अडकवायची. विसरलं तर ती तुमच्याच दारावर लटकत राहते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो.

हे आजचं नाही. ज्याने त्याने आपल्या दारची घाण आठवड्याला काढावी असा नियम या शहरात १४९२ सालचा सांगतात. महापालिकेने सक्ती १९८८ मध्ये उठवली, पण भाडेकराराने नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी तर नाहीच. जिना आधीच लख्ख असला तरी पुसायचा, आणि तो पुसताना दिसलं पाहिजे. बादलीचा आवाज झाला पाहिजे. डॉक्टर असो, बँकेतला साहेब असो, सगळे पुसतात. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक टाय लावून फुटपाथ झाडतात, मी बघितलंय. मला पहिल्यांदा वाटलं की परकी म्हणून माझ्याकडूनच करून घेतायत. तसं नाही. आपल्या सोसायटीत जिन्यासाठी महिन्याला पैसे देतो आणि तरी कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या असतातच, तेव्हा कोणी कोणाला हसावं हा प्रश्नच आहे.

तर त्या आजींनीच मला मोठ्या प्रेमाने त्यांचं पिवळं लिंबाच्या वासाचं लिक्विड दिलं होतं. गरम पाण्याच्या बादलीत झाकणभर टाकायचं, वाफ येते, सगळा जिना लिंबूलिंबू होतो. मी वाकून पुसणार आणि ओल्याच हाताने केस मागे सारणार. जिन्याच्या पाळीच्या आठवड्यात पापण्या उसळायच्या, पुढच्या आठवड्यात उतरायच्या. डॉक्टरांनी घरातल्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो मागितले तेव्हा ते लांबलचक नाव तिथे सापडलं. भांड्यांच्या साबणावर पण होतं.

उपाय ऐकून आई, तू खूश होशील. पावडर! कोरड्या पावडरीत पाणी नसतं, म्हणून सहसा हे टिकाऊ द्रव्य घालावं लागत नाही. कपड्यांना बिनवासाची पावडर, जिन्याला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, हातात नायट्राइलचे मोजे. रबरी नाहीत, कारण रबराच्या मोज्यातल्या रसायनांचीही कित्येकांना ॲलर्जी असते. फक्त आता लिंबाचा वास येत नाही म्हणून खालच्या आजींना वाटतं मी पुसतच नाही. म्हणून मी बादली जरा जास्तच आपटते.

आणि ट्यूब पाठवू नकोस. मेडिकलवाला देतो ती ट्यूब स्टेरॉइडची असते. दोन दिवसांत लाली जाते म्हणून माणसं महिनोन् महिने चोळत बसतात, पापणीची कातडी आणखी पातळ होते आणि डोळ्याचा दाब वाढून काचबिंदूसुद्धा होऊ शकतो. मला टॅक्रोलिमसचं मलम दिलंय, ते स्टेरॉइड नाही. सुरुवातीला लावलं की चुरचुरायचं, आता काही वाटत नाही. वरून साधं व्हॅसलिन. 'नॅचरल' लिहिलेलं काहीही घेणं बंद केलंय, कारण लव्हेंडर आणि संत्र्याच्या सालीचं तेल नॅचरलच असतं आणि ॲलर्जी त्याचीही होते.

काजळ पोचलं. घातलं नाही. उटणंही नाही, त्यातल्या वाळा-कचोऱ्याचा वास सुगंधातच धरायचा म्हणे. तू उन्हात वाळवून, चाळून, तीन पिशव्यांत गुंडाळून पाठवलंस हे मला कळतं. टाकलेलं नाही, कपड्यांच्या कप्प्यातही नाही, वेगळ्या डब्यात आहे. पुढच्या वेळी त्या जागी चिवडा पाठव. त्याची मला कसलीही ॲलर्जी नाही, दोनदा टेस्ट करून घ्यायला तयार आहे.

माझं झालं, आता तुझं. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरट डाग दिसतोय, मी व्हिडिओवर बघितला, केस पुढे ओढून लपवू नकोस. चिकट टिकलीच्या गोंदात एक रसायन असतं, त्याने कातडीचा रंग जातो. टिकली आजपासून बंद, डाग स्किनच्या डॉक्टरला दाखव. कुंकू लावायचंच असेल तर तेही त्यांना विचारून. आणि बाबा, केस काळे केल्यावर डोकं खाजतं आणि कानामागे पुरळ येतं हे आईने सांगितलं. डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाने असं होतं. पांढरे केस तुम्हाला शोभतात, मायकोतले तुमचे सगळे मित्र पांढरेच झालेत. (हो, मायको ज्यांची त्या बॉशचं ऑफिस इथून जवळच आहे. नाही, मी तिथे कामाला नाही. कितीदा सांगू त्यांना.)

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत, धूळ आहे, सगळं मान्य, पण धूळ काही पुढच्या महिन्यात संपणार नाही. पैसे आईच्या खात्यात टाकलेत. बाबा, तुमच्या खात्यात मुद्दाम टाकले नाहीत, कारण तुम्ही ते फ्लॅटच्या हप्त्याला लावाल. हप्त्याचे वेगळे येतील. लेन्स स्वस्तातली निवडू नका. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे हवी होते हे मला माहीत आहे, ते लिहू नका. दादा असेल. ड्रॉप्सचं वेळापत्रक मी मोठ्या अक्षरात करून पाठवते, फ्रिजवर लावा.

दादाच्या साखरपुड्याला मी येणार नाही असं मी म्हटलं नव्हतं. रजा एवढ्या लवकर मिळणं कठीण आहे असं म्हटलं होतं. त्यात फरक आहे. वहिनीला (म्हणू ना आता?) माझ्याकडून पैठणी घ्या, येवल्याला जाऊनच घ्या, रंग तिला निवडू दे. मेंदीवालीला मात्र बजावा, काळा कोन नको, त्यात बऱ्याचदा तोच डाय असतो. खऱ्या मेंदीचा रंग तांबूसच येतो, एक दिवस उशिरा खुलला तरी चालेल.

आत्याने आणलेल्या स्थळाचं वाचलं. मुलगा चांगला दिसतो, मी नाही म्हणत नाही. फोटो मागितलाय तर पापण्या पूर्ण उतरल्या की काढते. हे निमित्त नाही, हवं तर डॉक्टरांचं कार्ड पाठवते. आणि "मुलीला परत यायचंय का" असं त्यांनी विचारलं तर तुम्हीच परस्पर उत्तर देऊ नका. मलाही विचारा. मी काय सांगेन ते मलाही बघायचंय.

आजीला साष्टांग नमस्कार. तिला सांगा, इथे उणे चार होतं, तिने निफाडचा आकडा सांगून मला गप्प करायचे दिवस गेले.

तुमची,
छोटी

ता. क. साखरपुड्याच्या हॉलची तारीख पक्की करण्याआधी मला कळवा, इथे रजा बरीच आधी लिहून द्यावी लागते. माझ्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. पण हॉलवाल्याकडे त्याच्या पुढच्या आठवड्याची मोकळी आहे का, एवढं विचारून ठेवा.